पणजीचं माहेरचं नाव

पितृपक्षात श्राद्धाला बसलेल्या यजमानाला गुरुजी नावं विचारतात. वडील, आजोबा, पणजोबा ही नावं सहसा पाठ असतात, नसली तर कपाटातल्या वंशावळीत सापडतात. मग आई, आजी, पणजी. आजीचं नाव जरा आठवून सांगितलं जातं आणि पणजीपाशी बहुतेक घरं अडतात. एखाद्या काकूला नाव आठवलंच, तर तेही सासरचं असतं.

घराण्याच्या नोंदी ठेवण्यात महाराष्ट्र मागे नाही. कितीतरी घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले. त्र्यंबकेश्वरला गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही उघडतात आणि आजोबा-पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत बैल घेऊन येणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणून दाखवत आले आहेत. हा ठेवा मोलाचा आहे. पण या नोंदी मूळपुरुषाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे उतरत जातात. लेक लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच खुंटते. सुनेचं नाव येतं, फार तर माहेरचं आडनाव येतं. तिची आई कोण होती, हे कुणी लिहीत नाही.

त्यात लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत. रमाबाई रानडे या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले होत्या. ही नावं आज ठाऊक आहेत, कारण रमाबाईंनी आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी स्वतः लिहिल्या आणि आनंदीबाईंचं चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. ज्या घरात कुणीच लिहिलं नाही, तिथे ही माहिती आता फक्त घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या तोंडी उरली आहे. ती बोलती आहे तोवर तिचं बोलणं रेकॉर्ड करणं, हे घरातल्या तरुणांचं आजचं काम आहे. पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखं ते नाही.

आज पंच्याऐंशीची असलेली आजी 1940च्या आसपास जन्मलेली. तिला अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या आजीने 1896 नंतरचा प्लेग आणि 1918ची मानमोडी पाहिलेली असणार. गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहणं, एकाच घरातून पाठोपाठ उठलेल्या तिरड्या, उरलेलं लेकरू मामाकडे वाढणं, हे सगळं अनेक घरांत बायकांनीच बायकांना सांगितलेलं आहे. एका दुपारच्या बोलण्यातून सव्वाशे वर्षं मागे जाता येतं.

बायकांच्या तोंडी असलेलं नेटाने जमवलं तर काय हाती लागतं, याचे दाखले मराठीतच आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, आई, सासुरवास यांचं एवढं मोठं दप्तर कुठल्याही कचेरीत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या वयस्कर स्त्रियांना गाठून बोलतं केलं, तेव्हा ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक उभं राहिलं. कागदावर ज्यांची नोंद जवळजवळ नव्हती, त्या बायका त्यात स्वतः बोलतात.

घरात मात्र बहुतेकदा फोन समोर धरून ‘आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असं म्हटलं जातं. आजी ‘काय सांगायचं मेलं’ म्हणते आणि विषय संपतो. त्यापेक्षा माळ्यावरची भांडी खाली काढावीत. तांब्यावर, परातीवर, घागरीवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते. ‘हा गंगूआत्याने दिलेला’ इथून सुरुवात झाली की आत्याचं सासर, तिच्या जावा, तिची गेलेली मुलं असं सगळं ओघाने येतं. साल विचारू नये. ‘कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारावं, म्हणजे 1967चा डिसेंबर पक्का हाती येतो. पुण्यात पानशेतचा पूर, मराठवाड्यात पोलीस ॲक्शन, आणि जवळजवळ सगळीकडे बहात्तरचा दुष्काळ याच कामाला येतात.

आणि तिचं चुकलं तर मध्येच सुधारू नये. इटलीतल्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुली हा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार 1949 साली पोलिसांच्या गोळीने मेला. इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे तिथल्या लोकांशी बोलून पाहिलं, तर अनेक जण तो मृत्यू 1953च्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगत होते. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही. गावाच्या मनाला नेमकं काय लागलं होतं, ते त्यांनी त्या चुकीतूनच वाचलं. आजीही एखादा मृत्यू दोन वर्षं अलीकडे ओढत असेल, तर त्या दोन वर्षांत घरात काय झालं होतं ते विचारावं. खरी तारीख नंतर दाखल्यावरून बघता येते.

काही गोष्टी ती सांगेल आणि ‘हे बाहेर काढू नकोस’ असंही म्हणेल. सवत, टाकलेली बहीण, वाटणीत लिहून घेतलेला हक्क. तो शब्द पाळलाच पाहिजे. असा भाग वेगळा ठेवावा आणि तो कधी उघडायचा हे तिलाच विचारून रेकॉर्डिंगमध्येच नोंदवावं.

उरलेलं फोनमध्ये पडून राहतं आणि फोनबरोबर जातं. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घेणं आणि दोन ठिकाणी प्रती ठेवणं घरच्यांना जमतं, त्यापुढचं काम सार्वजनिक आहे. महाराष्ट्रात 1967पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. तालुक्याच्या एका तरी वाचनालयाने अशी रेकॉर्डिंग स्वीकारावीत. सोबत एक साधा फॉर्म असावा: बोलणारीचं सासरचं नाव, माहेरचं नाव, तिच्या आईचं माहेरचं नाव, आणि काय खुलं ठेवायचं याबद्दल तिची सही किंवा अंगठा.