महामारी आणि मजुराचा भाव

रोगराई आली म्हणजे राव आणि रंक सारखेच होतात, असें पुष्कळजण म्हणतात. आमचेंही मत एके काळीं तसेंच होतें. मुलांना युरोपचा इतिहास शिकवतां शिकवतां तें बदललें.

इ. स. १३४७ सालीं काळ्या समुद्राकडून आलेल्या व्यापारी गलबतांबरोबर गांठीचा प्लेग सिसिली बेटांतील मेसिना बंदरांत उतरला. उंदीर आणि पिसवा यांचा त्याशीं संबंध आहे, हें कळावयास १८९८ साल उजाडावें लागलें. तोंवर कोणी ग्रहांना दोष दिला, कोणी ज्यूंनीं विहिरींत विष कालविल्याची आवई उठविली. १३४९ च्या फेब्रुवारींत स्ट्रासबुर्ग शहरांत शेंकडों ज्यू जाळले गेले. रोगावर उपाय सांपडेना, दुबळा शेजारी मात्र लगेच सांपडला.

थोड्या वर्षांत युरोपांतील निदान तिसरा हिस्सा माणूस मेला. १३४८ त रोग इंग्लंडांत पोंचला. जमीन होती तेवढीच राहिली, नांगरणारे हात कमी झाले. तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या धन्याच्या शेतावर वेठ करणारा कुळवाडी जास्त मजुरी मागूं लागला. न मिळाल्यास दुसऱ्या गांवीं जाऊं लागला.

मग राव-रंक समान झाले काय? १३४९ त राजाचा हुकूम सुटला व १३५१ त पार्लमेंटानें कायदा केला कीं, मजुरी प्लेगच्या आधीचीच घ्यावी. गवत कापणाऱ्यास दिवसाला फार तर ५ पेन्स, सुतार-मेस्त्रीस ३! न ऐकणाऱ्यास खोड्यांत घालावें, आणि त्यासाठीं गांवोगांव खोडे करावे. कायदा करणारे कोण, तर ज्यांच्या शेतांवर माणसें हवीं होतीं ते जमीनदारच. १३६३ त नांगऱ्यानें आणि मेंढपाळानें कोणतें कापड वापरावें, हेंही कायद्यानें ठरविलें. (कष्टकऱ्याच्या अंगावर बरें कापड पाहून डोळे दुखण्याची व्याधि प्लेगहून जुनी आहे.)

त्यांत डोईपट्टी आली. १३८१ त केंट व एसेक्सचे शेतकरी-कारागीर वॅट टायलरच्या मागें लंडनवर चालून गेले. जागोजागीं लोकांनीं धन्यांचीं दफ्तरें शोधून जाळलीं. ज्यांतील बहुतेकांस अक्षर येत नव्हतें, त्यांनीं आपणांस बांधणारा कागद नेमका ओळखला, याचें आम्हां मास्तरांस फार नवल वाटतें. १४ वर्षांच्या राजानें दास्यमुक्तीचे लेख दिले. टायलर मारला गेल्यावर थोड्याच दिवसांत ते फिरविले.

तरी माणसांवांचून शेत पिकेना. धनीच कायदा मोडून जास्त मजुरी देऊं लागले आणि शेंदीडशें वर्षांत इंग्लंडांतील दास्य झिजून गेलें. एल्बे नदीच्या पूर्वेस मात्र उलट झालें. तेथें पुढील शतकांत जमीनदारांनीं शेतकऱ्यास अधिकच जखडलें. प्रशियांत त्याच्या सुटकेचें फर्मान निघालें तें १८०७ सालीं.