भंगारात जाणारा इतिहास

मेहकरास येणारा पाहुणा शारंगधर बालाजीचे दर्शन घेतो, कंचनीच्या महालाचे अवशेष पाहतो आणि पैनगंगेवरचा पूल ओलांडून निघून जातो. पुलाकडे मात्र तो वळूनही पाहत नाही. दगडात घडविलेला तेवढा वारसा आणि लोखंडात जोडलेले ते भंगार, ही समजूत सुशिक्षितांच्याही मनात खोल रुजली आहे. ती सोडण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या महायुद्धातील बेली पुलाचेच उदाहरण घ्यावे. डोनाल्ड बेली या ब्रिटिश अभियंत्याने १९४०-४१ च्या सुमारास तो योजिला. दहा फूट लांबीची एक चौकट सहा माणसांनी उचलावी, पोलादी खिळीने दुसरीस जोडावी आणि तयार झालेला सांगाडा रोलरांवरून पैलतीराकडे ढकलीत न्यावा, इतकी ती युक्ती साधी होती. क्रेनची किंवा वेल्डिंगची गरज नव्हती. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशात कलेवा येथे चिंदविन नदीवर १,१५४ फूट लांबीचा तरंगता बेली पूल उभा राहिला. त्या काळी जगातील बेली पुलांत तो सर्वांत लांब होता.

ही विद्या युद्धाबरोबर संपली नाही. २०१८ मध्ये मुंबई परिसरात एल्फिन्स्टन रोड, करी रोड व आंबिवली या स्थानकांवर लष्कराने पादचारी पूल बांधले, ते याच पद्धतीने. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडात दरड कोसळली आणि तिसऱ्याच दिवशी मद्रास सॅपर्सच्या तुकडीने चूरलमला येथे १९० फुटी बेली पूल पुरा केला. त्या कामाच्या अग्रभागी मेजर सीता शेळके होत्या, पारनेर तालुक्याच्या कन्या.

अशा पुलांना केंद्रीय कायद्याचा आधार मात्र नाही. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. म्हणजे १९४४ च्या पुलाने २०४४ पर्यंत थांबावे! परंतु जो पूल सुटा करून हलविण्यासाठीच जन्मला, तो तोवर टिकणार कसा? नवा पूल झाला की जुन्याच्या चौकटी वजनावर विकल्या जाण्याचे भय असतेच.

जुने पूल धोकादायक असतात, हा आक्षेप खरा आहे. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळून चार जीव गेले, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच जतन म्हणजे वाहतूक चालू ठेवणे नव्हे. आमची मागणी माफक आहे. युद्धकाळातील पूल जेथे उतरविला जाईल, तेथील बांधकाम खात्याने व नगरपरिषदेने त्याचा निदान एक गाळा नदीकाठी सुरक्षित उभा करावा. तो कोणी, केव्हा व कशासाठी बांधला, हे मराठीत लिहून ठेवावे. खिळी कोठे बसते आणि भार कसा वाटला जातो, हे शाळकरी मुलाला फळ्यावरील आकृतीपेक्षा त्या लोखंडाला हात लावून अधिक लवकर उमगेल. भंगाराच्या किमतीत हा लाभ मोजता येणार नाही.