आधी गरज पाहा

देशातले ख्रिस्ती सेवाकार्य आज दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडले आहे. बाहेरून कायद्याचा संशय वाढतो आहे आणि आतून आपल्याच मंडळ्यांची सेवावृत्ती आटत चालली आहे. याचा मार ना सरकारला बसतो ना मंडळीच्या पंचकमिटीला. तो बसतो पैशाअभावी उपचार सोडून घरी नेलेल्या रुग्णाला, नवऱ्यामागे लेकरे घेऊन उघड्यावर आलेल्या बाईला, फी थकली म्हणून शाळा सुटलेल्या मुलीला. हा केवळ समाजाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे असे समजून आपण निषेधाचे ठराव करत बसलो, तर उद्या ज्या सेवेसाठी निषेध करायचा ती सेवाच उरणार नाही.

आधी कायद्याचे पाहू. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्याने भेटवस्तू, पैसा आणि नोकरी यांच्याबरोबर धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षणही प्रलोभनात मोडते असे ठरवले. २०२३ च्या सप्टेंबरात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने एका प्रकरणात जामीन देताना स्पष्ट केले, की बायबल वाटणे, मुलांना शिकायला उत्तेजन देणे, भंडारा घालणे म्हणजे प्रलोभन नव्हे. तक्रार करण्याचा अधिकार पीडित व्यक्तीला व तिच्या नातलगांनाच आहे, असेही न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला. तक्रारीचा अधिकार कोणालाही मिळाला आणि गंभीर प्रकारांत शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली. अशा वातावरणात खेड्यातला पाळक आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेतानाही चार वेळा विचार करील. त्या विचारात जो वेळ जातो, तो रुग्णाचा जातो.

पैशाच्या वाटाही अरुंद झाल्या आहेत. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या सप्टेंबरात झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला या निधीतून वाटा देण्यावर बंदी घातली. तोवर मोठी संस्था परवाना, हिशेब, लेखापरीक्षण सांभाळत असे आणि डोंगरदऱ्यांतल्या लहान संस्थांना त्यातून मदत पोहोचत असे. ती साखळी तुटली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. परदेशी पैशाचा हिशेब मागण्याचा सरकारचा हक्क आम्हालाही मान्य आहे. हिशेब न देणाऱ्या संस्थेवर जरूर कारवाई व्हावी. पण मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या परदेशी निधीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारल्याची बातमी २०२१ च्या ऐन नाताळात आली आणि जानेवारीत ती नोंदणी परत मिळाली. जगभर नाव असलेल्या संस्थेसाठी हे घडू शकले. फाळणीच्या निर्वासितांसाठी उभ्या राहिलेल्या ‘कासा’सारख्या जुन्या ख्रिस्ती मदतसंस्थेची हीच नोंदणी २०२४ मध्ये रद्द झाली, तेव्हा फारसा आवाज उठला नाही. जिल्ह्याबाहेर कोणाला ठाऊक नसलेल्या लहान आश्रमाचे काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

हा संशय नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते विधवांना शिकता यावे म्हणून. पुढे ते पुण्यात आले आणि १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती होत असल्याच्या आरोपावरून गदारोळ उठला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. रमाबाईंनी आपला विश्वास लपवला नाही आणि कामही थांबवले नाही. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणि विधवांना आणले आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. त्या मुलींना त्या वेळी फारसे कोणी घरात घेत नव्हते, ही गोष्ट टीकाकारांनाही नाकारता येणार नाही.

पण टीकाकारांच्या म्हणण्यात एक प्रश्न होता आणि तो आजही आपल्यापुढे आहे. जो सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे, तो आपल्याला मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकतो का? उपाशी माणसाचा होकार हा होकार नसतो. हे कायद्याने सांगण्याआधी ख्रिस्ती माणसाने ओळखले पाहिजे. शुभवर्तमानातला शोमरोनी रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचलतो, जखमा बांधतो, उतारशाळेचा खर्च भरतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्या माणसाने पुढे कुठे उपासना करावी याची अट तो घालत नाही. भाकरीला अट लावणारा माणूस कायद्यापुढे सुटला तरी येशूपुढे सुटणार नाही.

आता घरातले बोलू. सरकार देणाऱ्याचा धर्म पाहते म्हणून आपण संतापतो. मग आपण घेणाऱ्याचा पाहत नाही का? मदतीसाठी दारात आलेल्या माणसाला किती मंडळ्यांत पहिला प्रश्न विचारला जातो, की तू कोणत्या चर्चचा, रविवारी भक्तीला येतोस का, अर्पण देतोस का? बाहेरच्याला तर पायरीवरूनच परत पाठवले जाते. आपल्यातलाही जो दारू पितो, ज्याचे पंचकमिटीशी भांडण आहे, त्याचे नाव यादीतून गळते. गरज बाजूला ठेवून धर्म आणि निष्ठा पाहण्याची जी चूक सरकार करते, तीच आपण आपल्या अंगणात करतो.

मिशनरींनी उभारलेल्या दवाखान्यांकडे पाहा. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले आणि दक्षिण महाराष्ट्रातला गरीब रुग्ण मिरजेची वाट चालू लागला. नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आदिवासी भागात आजही काम करते आहे. पण अनेक जुने मिशन दवाखाने कर्जात, पगाराच्या थकबाकीत आणि विश्वस्तांच्या कोर्टकज्ज्यांत अडकले आहेत. काहींनी तग धरण्यासाठी खासगी रुग्णालयांचे दर लावले आणि ज्याच्यासाठी ते उभे राहिले होते, त्याच माणसाला ते परवडेनासे झाले. गावोगावच्या मिशन कंपाउंडच्या जमिनी गरिबांच्या नावाने मिळाल्या होत्या. आज त्यांच्या विक्रीच्या चर्चा बिल्डरांच्या कार्यालयांत होतात आणि मंडळीला त्या शेवटी कळतात. जमीन एकदा गेली की दवाखानाही गेला आणि वसतिगृहही गेले. ही लूट थांबवायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णनिधीत जमा करावी लागते. ख्रिस्ती नाव लावणाऱ्या रुग्णालयासाठी ही किमान मर्यादा असली पाहिजे, तिथे थांबण्याची जागा नव्हे.

खरी गरज कोणाची हे कसे ओळखायचे, असा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पहिल्या मंडळीपुढेही तो आला होता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार झाली, तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात विश्वासू माणसे निवडायला सांगितली आणि त्यांच्यावर ते काम सोपवले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात कोणत्या विधवांची जबाबदारी मंडळीने घ्यावी याचे नियम आहेत. ज्या विधवांना मुले-नातवंडे आहेत त्यांना आधी त्या मुला-नातवंडांनीच सांभाळावे, असे पौल सांगतो. म्हणजे चौकशी करणे विश्वासाच्या विरुद्ध नाही. पण ती चौकशी भुकेची असावी, हजेरीची नव्हे. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेचे सदस्य गरिबांच्या घरी जाऊन त्यांची परिस्थिती पाहतात आणि मग मदत ठरवतात. नाताळात ब्लँकेट वाटून फोटो काढण्यापेक्षा ही वाट कष्टाची आहे, पण गरजू माणूस तिनेच सापडतो.

काही सेवेत तर माणसे निवडण्याचा प्रश्नच येत नाही. फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोटाचे काम उभे केले आणि लोक त्यांना बाखरबाबा म्हणू लागले. त्या कामाला जर्मन मदत होती. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवले की ते सगळ्या गावाच्या विहिरींना उतरते. लाभार्थ्यांची यादी धर्मावरून करताच येत नाही. परदेशी पैसा आणि ख्रिस्ती धर्मगुरू एकत्र आले म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार, असे मानणाऱ्यांनी त्या गावांच्या विहिरी पाहाव्यात.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. फसवणूक आणि सक्ती यांना शिक्षा करा, पण शिक्षण, औषध आणि अन्न यांना प्रलोभनाच्या व्याख्येत बसवू नका. महाराष्ट्रातही अशा कोणत्याही कायद्यातून सेवेला स्पष्ट शब्दांत वगळा. लहान संस्थांसाठी मदतीची साखळी पुन्हा खुली करा आणि नोंदणी नाकारताना कारणे लेखी द्या.

मंडळ्यांकडेही आमचे मागणे आहे. प्रत्येक मंडळीने आपल्या वार्षिक उत्पन्नातला दहावा वाटा गरजवंतांसाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचावा. त्यातला ठरावीक भाग मंडळीबाहेरच्या माणसासाठी असावा. मिशनची एकही जमीन सभासदांच्या खुल्या सभेशिवाय विकली जाऊ नये. परदेशी निधीवर विसंबून राहण्याचे दिवस संपले आहेत. आता आपल्या खिशातून द्यावे लागेल.

न्यायाच्या दिवशी राजा मेंढरे आणि शेरडे वेगळी करील, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने सांगितले आहे. तिथे तो कोणालाही धर्म विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले का, आजाऱ्याची भेट घेतली का, एवढेच विचारतो. त्याचे उत्तर सरकारला एकदा द्यावे लागेल, आपल्याला दोनदा.