कोर्ट तेच, आरोपी बदलले!

दोन्ही हात पसरून उभा राहिलेला तो मुलगा आठवतोय? १६ जुलै २०२४, बांगलादेशातलं रंगपूर. त्याच्या हातात एक काठी, समोर बंदुका घेतलेले पोलिस. अबू सईद त्याचं नाव. बेगम रोकेया विद्यापीठात इंग्रजी शिकत होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तो गेला. तो व्हिडिओ तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांच्या फोनवर फिरला. मीही स्टेटसला ठेवला होता.

भांडण सुरू झालं होतं सरकारी नोकऱ्यांतल्या ३० टक्के कोट्यावरून. १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या मुलानातवंडांसाठीचा हा कोटा २०१८ मध्ये रद्द झाला होता, जून २०२४ मध्ये हायकोर्टाने तो परत आणला. पोरं रस्त्यावर आली. सरकारने गोळीने उत्तर दिलं. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या. त्या दीड महिन्यात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत, त्यातली १२ ते १३ टक्के लहान मुलं, असा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज आहे.

मग १७ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्याच्या इंटरनॅशनल क्राइम्स ट्रिब्युनलने हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. आमच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडला, ‘झाला एकदाचा न्याय!’ मी पटकन अंगठा टाकला. नंतर इंटर्नशिपसाठी याच विषयाचं वाचायला घेतलं आणि तो अंगठा टोचायला लागला.

कारण हे ट्रिब्युनल २०१० मध्ये खुद्द हसीना सरकारनेच सुरू केलं होतं. १९७१ च्या युद्धगुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून. हेतू चांगलाच होता, त्या नरसंहारातल्या लोकांनी चाळीस वर्षं वाट पाहिली होती. पण पुढे काय झालं बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादर मुल्ला यांना जन्मठेप झाली. ‘फाशीच हवी’ म्हणत ढाक्याच्या शाहबाग चौकात तरुणांची तुफान गर्दी जमली. आपल्याच वयाची पोरं. सरकारने निकालानंतर कायदा बदलला, अपील केलं आणि डिसेंबरमध्ये मुल्लांना फाशी झाली. टाळ्या वाजल्या. निकाल लागल्यावर नियम बदलणं बरोबर आहे का, असं विचारणाऱ्याला तेव्हा गद्दार म्हटलं गेलं.

आज त्याच कोर्टात हसीना आरोपी. आणि त्यांच्याविरुद्ध खटला चालवणारे मुख्य सरकारी वकील कोण होते? तर पूर्वी याच कोर्टात जमातच्या नेत्यांचा बचाव करणारे वकील! सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, ‘काय पण योगायोग!’

गैरसमज नको. हसीना निर्दोष आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. त्यांच्या काळात माणसं उचलून ‘आयनाघर’ नावाच्या गुप्त कोठड्यांत डांबली जायची. त्यातला एक वकील आठ वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये बाहेर आला. याचा हिशेब झालाच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे, की हिशेब फक्त हरलेल्याचाच का?

संयुक्त राष्ट्रांच्या त्याच अहवालात आणखीही पानं आहेत. हिंदूंवर, अहमदियांवर, अवामी लीगच्या कार्यकर्त्यांवर हल्ले झाल्याचं त्यात नोंदलंय. सरकारी यादीप्रमाणे ४४ पोलिसही मारले गेले. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये हंगामी सरकारने जाहीर केलं, की १५ जुलै ते ८ ऑगस्टच्या दरम्यान उठाव यशस्वी करण्यासाठी झटलेल्यांवर खटले भरले जाणार नाहीत. दुसऱ्या बाजूला एकेका खुनाच्या तक्रारीत शेकडो नावं घालायचा सपाटा लागला. त्यात पत्रकारही होते. मासकॉमच्या वर्गात बसणाऱ्या माझ्यासारखीच्या पोटात इथे गोळा येतो. सरकारची तळी उचलणं ही वाईट पत्रकारिता आहे, मान्य. पण तो खून नाही ना!

अशी माफी बांगलादेशाला नवी नाही. १९७५ मध्ये शेख मुजीब यांना कुटुंबासकट मारणाऱ्यांना वटहुकूम काढून संरक्षण दिलं गेलं. ते उठायला १९९६ उजाडलं. ज्या मुलीचे आईवडील आणि भाऊ त्यात गेले, ती म्हणजे हसीना. माफीची झळ तिने स्वतः सोसली होती. तरी सत्तेत आल्यावर तिच्याच राज्यात माणसं गायब झाली.

‘पण हे सगळं म्हणजे आदर्शवाद झाला, क्रांती झाल्यावर असं कोण करतं?’ असं कुणी म्हणेल. दक्षिण आफ्रिकेने थोडंफार केलं. वर्णभेद संपल्यावर तिथल्या सत्यशोधन आणि सलोखा आयोगाने गोऱ्या राजवटीबरोबर मंडेलांच्या एएनसीच्या अत्याचारांवरही बोट ठेवलं. एएनसी तर अहवाल थांबवायला कोर्टात गेली. मंडेलांनी मात्र १९९८ मध्ये तो अहवाल स्वीकारला. तिथलेही बरेच गुन्हेगार सुटले, म्हणजे ते काही रामराज्य नव्हे. पण जिंकलेल्यांनाही प्रश्न विचारले गेले, हे महत्त्वाचं.

नीट चाललेला खटला हे आरोपीवरचे उपकार आहेत, असं मलाही वाटायचं. आता वाटतं, तो अबू सईदच्या आईवडिलांचा हक्क आहे. उद्या सरकार बदललं की ‘तो सूड होता’ म्हणून फाइल बंद करता येणार नाही, असा निकाल त्यांना मिळायला हवा. घाईत उरकलेला निकाल पुढच्या सरकारच्या हातात आयती सबब देतो.

ग्रुपवरचा तो अंगठा मी काढला नाही. त्याखाली एक मेसेज टाकला, ‘आणि बाकीच्यांचं काय?’ दोघांनी विचारलं, ‘कोण बाकीचे?’ त्या रात्री आमच्या ग्रुपवर पहिल्यांदाच एक वाजेपर्यंत मीम सोडून दुसऱ्या कशावर तरी चर्चा झाली.