खुंटा नसलेलें जातें

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील खाम नदीच्या कांठची पाणचक्की पाहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. बुखारा प्रांताकडून आलेले सूफी साधु बाबा शाह मुसाफिर यांचा हा मठ. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी खापरी नळांनीं जमिनीखालून आणून तें उंचावरून चाकाच्या पात्यांवर सोडीत. त्या जोरानें जातें फिरे व फकिरांचें आणि वाटसरूंचें दळण होई. मठाची हकीकत 'मल्फूजात-इ-नक्शबंदिया' या १८ व्या शतकांतील फारसी ग्रंथांत आहे; सायमन डिग्बी यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर २००१ सालीं प्रसिद्ध झालें. मठास ग्रंथालयहि आहे. अन्न आणि विद्या यांची अशी एकत्र सोय पाहून आम्हांस धन्यता वाटली.

परंतु आमची दृष्टि खिळली ती जात्यावर. त्यास खुंटाच नाहीं! फिरविणारा हातच नको, तेथें खुंटा कशाला?

आमच्या मातोश्री पहांटे दळीत, तो खुंटा आठवला. जात्यावरील ओंव्यांचें माधुर्य आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें वर्णिलें. मातोश्रींच्या तळहातांवरील घट्ट्यांविषयीं मात्र चकार शब्द काढिला नाहीं. जनाबाईच्या जात्यास पांडुरंगानें हात लाविला, असें आपण भक्तीनें सांगतों. घरच्या जात्यास हात लावण्यास पांडुरंगाची वाट कशास पाहावी? आम्ही तर शेजारच्याच खोलींत पाठांतर करीत बसलों होतों.