ड्रिफ्टसाठी पहिली गाडी

परवा भाच्याने माझ्या स्टिअरिंग व्हीलचा ताबा घेतला. 'असेटो कोर्सा'मध्ये ड्रिफ्ट शिकायचं होतं त्याला. साहेबांनी पहिलीच गाडी निवडली ती हजार हॉर्सपॉवरची! तासभर नुसता भोवरा. शेवटी म्हणाला, "मामा, मला हे जमणारच नाही." ते मात्र मला लागलं. अरे, तू चुकलास ते गाडी निवडताना!

माझं मत विचाराल तर निस्सान सिल्व्हिया एस13. गेममध्ये ती मॉड म्हणून मिळते. 1991 पासूनचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, ताकद साधारण 205 हॉर्सपॉवर, तीही मागच्या चाकांना. चाकं घसरत ठेवण्यापुरता दम आहे, पण गाडी फिरताना आपले हात मागे पडत नाहीत.

"मग टोयोटा एई86 का नको?" मंडळी विचारतीलच. माझीही लाडकी आहे ती. पण मूळ इंजिन जेमतेम 130 चं. वेग पडला की घसरणं संपलं. म्हणजे वेग राखायची कला आधीच यायला हवी.

गाडी घसरली की फोर्स फीडबॅकमुळे स्टिअरिंग घसरण्याच्या दिशेला आपसूक फिरतं. ते आवळून धरायचं नाही. हातातून फिरू द्यायचं आणि वेळेवर पकडायचं. ही वेळ बेताच्या ताकदीच्या गाडीतच कळते.

आणि हो, महिनाभर गाडी बदलायची नाही. रोज नवी गाडी घेतली तर चूक आपली की गाडीची, हे कधी कळणारच नाही.

असो. भाचेबुवा, रविवारी या. सिल्व्हिया तयार आहे.