जुन्या गाडीचे ब्रेक

"आता जुनं झालंय, कशाला चांगलं घालायचं त्यात?" हे वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. जुन्या पलंगाला नवी गादी नको. जुन्या सोसायटीला चांगला रंग नको, पुनर्विकास होणारच आहे ना! पलंग आणि रंग यांच्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही. पण गेल्या महिन्याभरात हेच वाक्य मी गाडीच्या ब्रेकबद्दल दोनदा ऐकलं, आणि तेव्हापासून हा लेख डोक्यात घोळतोय.

आमची वॅगनआर 2010 सालची. पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून 2025 मध्ये वडाळ्याच्या आरटीओत जाऊन नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं, ते पुढच्या पाच वर्षांसाठी. (दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीचे हाल होतात ते वेगळे. आपल्याकडे तपासणीत पास झाली की गाडी चालवता येते.) ह्यांना काचबिंदू, त्यामुळे गाडी मीच चालवते. मुलुंडहून घाटकोपरला डॉक्टरांकडे, कधी लेकीकडे बोरिवलीला, आणि बाकी भाजी-बँक. वर्षाला चार हजार किलोमीटर झाले तरी खूप.

दिवाळीनंतर पुढच्या चाकातून ब्रेक लावताना बारीक किंचाळी ऐकू यायला लागली. हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पॅडला पत्र्याची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजत आला की ती पट्टी डिस्कला घासते आणि ओरडते. म्हणजे "बाई, घंटा झाली" असं सांगणारा शिपाईच तो.

गल्लीतल्या मेकॅनिकने चाक खोललं, बघितलं आणि म्हणाला, "आंटी, पुरानी गाडी है, लोकल डाल देते हैं. क्यों पैसा डालना?" मुलगा प्रामाणिक आहे, माझे पैसे वाचवायला निघाला होता. मग फोनवर भाचा म्हणाला, "मामी, दोन-तीन वर्षांत विकायचीच आहे ना, मग साधे टाक." आणि एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर तिथल्या टाय लावलेल्या मुलाने चाकाला हातही न लावता पॅड, डिस्क, मागचे ब्रेक शू, सगळं मिळून 'पॅकेज'चा आकडा सांगितला. डिस्क का बदलायची, विचारलं. "मॅडम, गाडीचं वय बघता..."

म्हणजे तिघांनीही गाडीचं वय बघितलं. डिस्कची जाडी बघावी असं एकालाही वाटलं नाही!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. ब्रेक हा गाडीच्या किमतीचा भाग नाही. गादी माझ्या पाठीसाठी असते, रंग माझ्या डोळ्यांसाठी. ब्रेक मात्र जेवढा माझ्यासाठी, तेवढाच समोरच्या माणसासाठी. एलबीएस रोडवर संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलांचा हात धरून रस्ता ओलांडणारी बाई माझ्या गाडीचं साल वाचत नाही. गाडी थांबेल, एवढंच ती गृहीत धरते. तिच्या वाट्याच्या ब्रेकमध्ये काटकसर करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

आता थोडं गणित. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई, भौतिकशास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपुरती. पण हे गणित नातवाच्या पुस्तकातलं आहे आणि त्याच्याकडून तपासून घेतलंय. गाडी आणि आत बसलेली माणसं मिळून हजार किलो धरा. ताशी 60 किलोमीटरवरून ती थांबवली तर जी उष्णता तयार होते, तिच्यावर साधारण तीन कप चहाचं पाणी उकळेल. ही सगळी उष्णता जाते कुठे? तर मुख्यतः पुढच्या दोन चाकांच्या डिस्क आणि पॅडमध्ये, कारण ब्रेक लावला की भार पुढे येतो. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आणि खंडाळ्याच्या घाटातून खोपोलीपर्यंत साधारण पाचशे मीटर खाली उतरायचं तर साठच्या वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याइतकी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये चला, असं जाणती माणसं सांगतात ते यासाठी. म्हणजे निम्मं काम इंजिन करतं.

या गणितात गाडीचं वय कुठेच येत नाही. वजन येतं, आणि वजन वयाबरोबर घटत नाही. (आमचंही घटत नाही :-))

उलट जुन्या गाडीला चांगल्या पॅडची गरज जास्त असते. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं. ते नसेल तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. आमच्या 2010 च्या गाडीला ते नाही. नव्या गाडीत कॉम्प्युटर सांभाळून घेतो, आमच्यात फक्त माझा पाय आणि तो पॅड. तिथेच 'लोकल' टाकायचा?

भाच्याने यावर पद्मिनी टॅक्सी काढली. "मामी, त्या काय चालत नव्हत्या?" चालत होत्या, आणि मला त्यांच्याबद्दल माया आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली गाडी, आमच्या उपनगरांचीच म्हणा ना. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर सेवेतून गेली तेव्हा वाईट वाटलं. पण तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ते तापले की ढिले पडत, पाण्यातून गाडी गेली की काही वेळ लागतच नसत, आणि शू झिजतील तसे पान्याने पुन्हा जुळवून घ्यावे लागत. पोट त्या गाडीवर होतं, म्हणून जुन्या टॅक्सीवाल्यांचं ब्रेककडे लक्ष असे. गाडी जुनी म्हणून ब्रेक कसेही, असं जाणत्या टॅक्सीवाल्याने कधी म्हटलं नसतं. शिवाय तेव्हाच्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरचा वेग आणि आताचा वेग! असो.

आता घ्यायचे कुठले, हा प्रश्न. मी जे वाचलं आणि विचारलं, ते सांगते.

आपल्या रोजच्या गाडीला गाडीच्या कंपनीच्या नावाने मिळणारे पॅड किंवा जे कारखाने गाडीच्या कंपन्यांना माल पुरवतात त्यांचे पॅड पुरतात. रेसिंगचे नकोत. ते तापल्यावर नीट धरतात, आणि मुलुंड ते भांडुप या अंतरात सिग्नलला थांबत थांबत ते तापणार कधी? भोकं पाडलेल्या, खाचा असलेल्या डिस्क दिसायला झकास दिसतात. भाजी आणायला त्यांचा काही उपयोग नाही. 'सिरॅमिक' म्हणून विकले जाणारे पॅड साधारणपणे आवाज कमी करतात आणि चाकावर काळी भुकटी कमी पडते. हौस असेल तर घ्यावेत, पण ते जास्त लवकर थांबवतील असं समजू नये.

बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बारीक अक्षरात काही छापलेलं असतं, ते चष्मा लावून वाचावं. त्यात बहुधा 'एफएफ', 'जीएफ' अशी दोन अक्षरं सापडतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' 0.35 ते 0.45, 'जी' 0.45 ते 0.55. आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला ही श्रेणी वाटते, पण ती तशी नाही. 'जी' म्हणजे नापास नव्हे आणि पहिला नंबरही नव्हे. गाडीला मूळ जे अक्षर होतं त्याच्याजवळचं घ्यावं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा फार खाली घसरलेलं असेल, तर तो पॅड तापल्यावर हात टेकतो एवढं समजावं. काही पॅडवर गोलात 'ई' आणि पुढे '90 आर' असंही असतं. हा युरोपचा नियम. तिथे बदली पॅडचं काम मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावं लागतं. आपल्याकडे परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यांच्या पॅडवर हे दिसतं, आणि दिसलं तर चांगलंच.

आणखी एक. खोक्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉस-मुक्त' लिहिलेलं बघूनच घ्या. आपल्या देशात अ‍ॅस्बेस्टॉसच्या वापरावर अजून सरसकट बंदी नाही, आणि त्याची धूळ कर्करोग करते हे जगाला ठाऊक आहे. कुठल्याही ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपने फुर्रकन उडवायची गॅरेजमधली सवय वाईटच. माझ्या मेकॅनिकला मी ओल्या फडक्याने पुसायला लावलं. तो हसला, पण त्याने पुसलं. त्या धुळीत दिवसभर तोच असतो, मी पाच मिनिटं.

खरी मेख डिस्कची आहे. दुकानात यालाच रोटर म्हणतात. पॅडबरोबर डिस्क बदललीच पाहिजे असं नाही, आणि 'चालेल अजून' असंही डोळ्यांनी सांगता येत नाही. बहुतेक डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, 'मिन' असं लिहून. गंजाखाली झाकली गेली असेल तर घासून वाचावी. मग मायक्रोमीटरने मोजायचं, तेही तीन-चार ठिकाणी, कडेची उभी राहिलेली धार सोडून. किमानपेक्षा जाडी कमी झाली किंवा तडे गेले, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलायच्या, एक नाही. जाडी पुरेशी आहे पण ब्रेक लावताना पायाला थरथर जाणवते, तर लेथवर घासून सपाट करता येते. घासल्यानंतरही ती किमानाच्या वर राहिली पाहिजे, ही अट. या थरथरीला सगळे 'डिस्क वाकडी झाली' म्हणतात. बरेचदा ती वाकडी नसते, एका जागी जाड आणि एका जागी पातळ झिजलेली असते. चाकाचे नट मशीनने कसेही आवळले तरी ही गोष्ट हळूहळू घडते. हाताने, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायला सांगावं.

मायक्रोमीटर नसलेलं गॅरेज डिस्कबद्दल जे काही बोलेल, ते मी गप्पा म्हणून ऐकते. आमच्या मेकॅनिककडे नव्हता. त्याने शेजारच्या लेथवाल्याकडून मागून आणला. दोन्ही डिस्क किमानपेक्षा मिलिमीटरभराहून जाड निघाल्या. म्हणजे 'पॅकेज'मधला मोठा खर्च गरजेचाच नव्हता! तो वाचला, आणि त्यातले थोडे पैसे चांगल्या पॅडला गेले. लोकल आणि कंपनीच्या पॅडमध्ये फरक सुमारे हजार रुपयांचा. माझ्या चालवण्याने हे पॅड सात-आठ वर्षं जातील, म्हणजे वर्षाला सव्वाशे-दीडशे रुपये. रिक्षाचं किमान भाडं 2025 पासून 26 रुपये आहे. वर्षातून पाच-सहा वेळा रिक्षात बसल्याचे पैसे, एवढ्यासाठी लोक 'पुरानी गाडी है' म्हणतात.

स्वस्तात हवं असेल तर कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड आहेच, पार्टच्या दुकानांनी भरलेला. तिथे अस्सल माल मिळतो आणि हुबेहूब खोक्यातला नकलीही मिळतो. ब्रेकसाठी मी अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घेणं पसंत करते. आरसा किंवा दरवाजाचं हँडल असेल तर खुशाल घासाघीस करा.

आमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाड्यांचं एक वेगळं दुखणं असतं. पावसाळ्यात चार दिवस गाडी उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो. तो पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, घाबरू नये. पण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या तर आतला पॅड संपतो आणि बाहेरचा कोरा राहतो. आमच्या डाव्या चाकाचं तेच झालं होतं. पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावलं नसतं, तर कितीही भारी पॅड टाकून ते पैसे पाण्यात. जुने पॅड हातात घेऊन बघा, असं मी म्हणते ते याचसाठी. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि मग कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे मुंबईच्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलावं. हे काम सगळ्यात स्वस्त, आणि तेच लोक टाळतात.

नवे पॅड बसवल्याबरोबर ते पूर्ण धरत नाहीत, डिस्कशी जुळायला वेळ लागतो. पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत सावकाश ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, की पुन्हा. असं दहा-पंधरा वेळा. आता मुंबईत असा मोकळा रस्ता आणायचा कुठून? मी रविवारी पहाटे साडेपाचला, मागे कोणी नाही ना हे बघत, मुलुंडहून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने विक्रोळीपर्यंत जाऊन आले. हे शेजारी बसून मोजत होते. बारा झाल्यावर म्हणाले, आता चहा.